लिहून घेणाऱ्यांची गोष्ट

गेल्या डिसेंबरात हैदराबादला जाणे झाले. माझी थोरली बहीण तिथे तारनाक्याला राहते. लग्न होऊन फोंड्याहून ती तिकडे गेली, त्याला आता पन्नास वर्षे होत आली. भावोजी तिथल्या रासायनिक प्रयोगशाळेत नोकरीला होते. ते गेले, मुलगा परदेशी गेला, पण ताईने तारनाका काही सोडला नाही. आता तिच्या सोबतीला नात असते. ती जवळच्याच इंग्रजी आणि परकीय भाषांच्या विद्यापीठात शिकते.

तारनाका हे नाव ऐकले की गोव्यातल्या माणसाला वाटते, तिथे तारेचे, म्हणजे टेलिग्राफचे, ऑफिस असणार. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. तिथले लोक वेगळे सांगतात. पूर्वी तिथे संत्र्यांची मोठी बाग होती, तिला काटेरी तारेचे कुंपण होते आणि कुंपणापाशी पहाऱ्याची चौकी, म्हणजे नाका होता. तार आणि नाका, म्हणून तारनाका. खरेखोटे कोण सांगणार? पण दोन्ही शब्द मराठी माणसाला परके वाटत नाहीत, हे मात्र खरे. आज तिथे संत्र्याचे एक झाड दिसत नाही. वरून मेट्रो धावते, खाली रिक्षा आणि बसगाड्यांचा गोंधळ असतो. चार पावले चालले की उस्मानिया विद्यापीठाचे आवार लागते, आणि तिथली जुनी झाडे पाहून जीव थंड होतो.

सांगायची गोष्ट ताईची आहे. गेल्या चार-पाच वर्षांत तिला ऐकू येईनासे झाले. कानाला यंत्र आहे, पण तिचे म्हणणे असे की त्याने आवाज येतो, शब्द येत नाहीत. डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे : म्हातारपणी आधी जातात ते उंच पट्टीचे बारीक आवाज. स्वर ऐकू येतात. स, श, त, क, फ ही व्यंजने पुसट होतात. म्हणजे बोलणाऱ्याचा सूर कळतो आणि अर्थ निसटतो. ताईला कीर्तनाची आणि व्याख्यानांची भारी आवड. नातीने तिला इंटरनेटवरची कीर्तने लावून द्यायला शिकवले होते, आणि दुपारची दोन तास ती त्यातच असायची. तेही गेले. मी गेलो त्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "आतां आयकूंक येना रे म्हाका." मला काय बोलावे सुचेना.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिले तर बाईसाहेब खिडकीशी बसून टाचलेले कागद वाचत आहेत आणि हातात लाल पेन्सिल. नात सांगू लागली, "मामाआजोबा, हे आजीचं आजचं कीर्तन." तिने काय केले होते, तर इंटरनेटवरच्या चित्रफितीबरोबर जी अक्षरे पडद्याच्या तळाशी उमटतात ती उतरवून घेऊन, मोठ्या टाइपात छापून आजीला दिली होती. जिथे अशी अक्षरे नसत तिथे ती बोलणे ऐकून लिहून काढणाऱ्या एका संगणकी यंत्राकडून मजकूर करून घेई. ताई तो वाचायची आणि चुका सुधारायची. चुका तर काय वर्णाव्या! काणकोणचे 'कान कोण' झाले होते, डिचोलीची 'डी चोळी', शिगम्याचा 'सिग्मा', आणि चवथीच्या माटोळीच्या 'मात्र ओळी'. ताईने प्रत्येक ठिकाणी लाल रेघ मारून वर योग्य शब्द लिहिला होता. शाळेतल्या मास्तरणीसारखी. पुष्कळ दिवसांनी तिच्या तोंडावर हसू पाहिले.

त्या कागदांकडे पाहताना माझ्या मनात आले, की हे काही नवे नाही. आपले मराठी वाङ्मय उभेच मुळी लिहून घेणाऱ्यांवर आहे. आपण सांगणाऱ्याचे नाव लक्षात ठेवतो आणि लिहून घेणाऱ्याचे विसरतो, इतकेच.

बघा ना. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानदेवांनी गीतेवर भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबा ते लिहून घेत होते. त्याच्याही आधी, साधारण १२७८ च्या सुमारास, महानुभाव पंथाच्या म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले. चक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही, ते बोलत. ते गेल्यावर म्हाइंभट ज्यांनी ज्यांनी ते बोलणे ऐकले होते त्यांच्याकडे गेला, एकेकाची आठवण विचारून घेतली आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून ती लिहून ठेवली. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ असा तयार झाला. आजच्या भाषेत सांगायचे तर तो ध्वनिफीत नसताना केलेला उतारा होता. पुढे केसोबासांनी त्यातली स्वामींची वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' केला. म्हणजे नुसता उतारा नव्हे, त्यातून हवे ते शोधून काढण्याची सोयही तेव्हाच झाली होती.

तुकोबांचे अभंग उतरवून घेणाऱ्यांत संताजी जगनाड्यांचे नाव परंपरेने सांगितले जाते. अगदी अलीकडची गोष्ट घेतली तर १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत असत. समोर बसलेले साने गुरुजी ते भराभर लिहून घेत. त्या अठरा प्रवचनांचे 'गीता प्रवचने' हे पुस्तक झाले आणि पुढे देशातल्या कितीतरी भाषांत गेले. साने गुरुजी त्या तुरुंगात नसते, किंवा त्यांचा हात इतका जलद चालत नसता, तर ती प्रवचने कैद्यांच्या कानांतच राहिली असती.

उतरवून घेणारा नेहमी भक्तच असतो असेही नाही. लोकमान्य टिळकांनी १९१६ च्या मे-जूनमध्ये बेळगावला आणि नगरला स्वराज्यावर भाषणे केली. ती पोलिसांच्या लेखनिकांनी टिपून घेतली, त्यांचे इंग्रजी भाषांतर झाले, आणि त्या कागदांवरून टिळकांकडे वीस हजारांचा जातमुचलका मागण्यात आला. उच्च न्यायालयात त्यांचे वकील होते महमदअली जीना. न्यायमूर्ती बॅचेलर आणि शाह यांनी नोव्हेंबर १९१६ मध्ये तो हुकूम रद्द केला. भाषण सुटी वाक्ये तोडून वाचायचे नसते, सगळे मिळून वाचायचे असते, असा त्या निकालाचा आशय होता. मला वाटते, उताऱ्याच्या आधारावर कोणावरही शिंतोडे उडवणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल आठवावा. एक वाक्य कापून पसरवणे आज किती सोपे झाले आहे ते वाचकांना सांगायला नको.

आता आपल्या गोव्याचे पाहू. सोळाव्या शतकात इथे आलेल्या पाद्रींना लोकांची भाषा शिकायची होती. त्यासाठी त्यांनी रामायण-महाभारतातल्या कथा कोकणी गद्यात आणि मराठी पद्यात रोमन अक्षरांत उतरवून घेतल्या. ती हस्तलिखिते पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. पांडुरंग पिसुर्लेकर, मारियान सालदाञ यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांकडे लक्ष वेधले. विचार करा, आपल्या पूर्वजांच्या तोंडची भाषा ज्या कागदांवर राहिली ते कागद आपल्या घरात नाहीत, हजारो मैलांवर आहेत. आणि ज्यांनी त्या कथा सांगितल्या त्यांची नावेही आपल्याला कोणी सांगत नाही.

फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'ची गोष्टही तशीच. अकरा हजारांच्या घरात ओव्या असलेला हा मराठी ग्रंथ १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापला गेला, पुढे दोनदा पुन्हा छापला, पण त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. राहिल्या त्या हाताने केलेल्या नकला. लंडनमध्ये त्याची एक देवनागरी प्रतही मिळाली. छापखान्याचे गेले आणि नकलनविसाचे टिकले! आपल्या मुलांना आजकाल मराठी गाण्याची अक्षरे पडद्यावर रोमन लिपीत वाचावी लागतात म्हणून आपण हळहळतो. गोव्याने तो प्रकार चारशे वर्षांपूर्वीच पाहिला आहे.

असो. पुन्हा तारनाक्याकडे येतो, कारण या विषयातली एक मोठी गोष्ट तिथेच घडली.

संध्याकाळी मी आणि नात उस्मानियाच्या आवारात फिरायला जात असू. तिथली आर्ट्स कॉलेजची गुलाबी दगडी इमारत १९३९ साली पुरी झाली. पण विद्यापीठ त्याआधीचे, त्याचे वर्ग १९१९ मध्ये भरू लागले. त्या काळी हिंदुस्थानातली सगळी विद्यापीठे इंग्रजीत शिकवत होती. निजामाने ठरवले की इथे सगळे विषय उर्दूत शिकवायचे. पण उर्दूत पदार्थविज्ञानाची, वैद्यकाची पुस्तके होती कुठे? म्हणून विद्यापीठ सुरू व्हायच्या आधीच, १९१७ मध्ये, 'दारुल-तर्जुमा' हे भाषांतराचे खाते उघडले गेले. तिथे शेकडो पुस्तके उर्दूत आली. एकेका शास्त्रीय शब्दाला प्रतिशब्द ठरवायला विद्वानांची मंडळे बसत आणि वाद रंगत. कवी जोश मलीहाबादी काही वर्षे या खात्यात नोकरीला होते.

या खात्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. उर्दूवाले त्यांना 'बाबा-ए-उर्दू' म्हणतात. ते कितीतरी वर्षे औरंगाबादला होते, आणि मराठी भाषेवर फारसीचा काय परिणाम झाला यावर त्यांनी उर्दूत एक पुस्तक लिहिले, ते १९३३ साली प्रसिद्ध झाले. उर्दूसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाला मराठीचा अभ्यास करावासा वाटला, ही गोष्ट मला फार आवडते.

पण नाण्याला दुसरी बाजू आहेच. हैदराबाद संस्थानातल्या बहुसंख्य लोकांची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती. मराठवाड्यातून इथे शिकायला येणाऱ्या मुलाला घरी मराठी आणि वर्गात उर्दू. म्हणजे ज्ञान इंग्रजीतून उर्दूत उतरले, पण त्याच्या आईच्या भाषेपर्यंत काही पोहोचले नाही. आम्हा गोवेकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला लिसेंवात पोर्तुगीज होते, देवळात मराठी आणि चुलीपाशी कोकणी. १९३८ साली वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानियातून विद्यार्थ्यांना काढून टाकले तेव्हा त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आले आणि थोड्याच काळात विद्यापीठातून उर्दू माध्यमही गेले.

मराठी मात्र तिथे होतीच. कवी आणि संशोधक ना. गो. नांदापूरकर उस्मानियात मराठी शिकवत. नरहर कुरुंदकर त्यांचे भाचे. ते या मामांकडे हैदराबादला शिकायला राहिले होते. कुरुंदकर म्हणजे बोलणारा माणूस! गावोगाव व्याख्याने देत हिंडले आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच गेले. त्यांच्या व्याख्यानांचीही पुढे पुस्तके झाली. कोणीतरी टेप लावून ठेवला, कोणीतरी रात्री जागून उतरवून काढले, म्हणूनच ना?

नात ज्या विद्यापीठात शिकते ते १९५८ मध्ये इंग्रजीच्या शिक्षकांना शिकवणारी केंद्रीय संस्था म्हणून सुरू झाले आणि २००७ मध्ये केंद्रीय विद्यापीठ झाले. तिथले आर. के. बन्सल यांचा एक अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. भारतीय माणसांचे इंग्रजी बोलणे ध्वनिमुद्रित करून वेगवेगळ्या देशांच्या श्रोत्यांना ऐकवायचे आणि त्यांना किती शब्द कळले ते मोजायचे, असा तो खटाटोप होता. नातीने ते सांगितले तेव्हा मी थबकलो. आज बोलणे उतरवणाऱ्या यंत्रांचीही परीक्षा अशीच घेतात : शंभर शब्दांत किती चुकले, किती गाळले, किती पदरचे घातले. फरक इतकाच, की तेव्हा माणसाच्या कानाची परीक्षा होती.

मी तिला विचारले, "पण हे यंत्र काणकोणचे 'कान कोण' का करते?" तिने जे सांगितले ते मला समजले तसे मांडतो. यंत्र आवाज ऐकते आणि त्यापुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त ते पाहते. ज्या मजकुरावर ते शिकले त्यात 'कान' आणि 'कोण' लाखो वेळा आलेले, काणकोण क्वचित. म्हणून ते कमी ओळखीच्या शब्दाला जास्त ओळखीचा शब्द समजते. म्हणजे यंत्र बहिरे नाही, ते गावाबाहेरचे आहे! बाहेरचा पोस्टमन जसा पत्त्यात गोंधळ करतो तसे. त्याहून वाईट असे, की वक्ता थांबला असेल, नुसती शांतता असेल, तिथेही काही यंत्रे पदरचे एखादे वाक्य घालून मोकळी होतात. चुकलेला शब्द वाचताना खटकतो. पदरचे वाक्य सुबक असते, म्हणून ते खटकत नाही. तेच धोक्याचे.

उतरवून घेतलेली फाईल असते कशी तेही तिने दाखवले. एक क्रमांक, त्याखाली ओळ कुठल्या क्षणी दिसायला लागते आणि कुठल्या क्षणी जाते ती वेळ, तास-मिनिट-सेकंदापर्यंत आणि त्याच्याही हजाराव्या भागापर्यंत, आणि त्याखाली शब्द. मग मोकळी ओळ आणि पुढचा क्रमांक. एसआरटी म्हणतात ती हीच. साध्या मजकुराच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये ती उघडते. यंत्राने आपोआप केलेल्या अक्षरांची फाईल उतरवली तर पुष्कळदा एकच ओळ दोनदा येते, कारण पडद्यावर ती खालून वर सरकलेली असते. आणि विरामचिन्हेही पुष्कळदा नसतात. नात वेळा काढून टाकते, दुहेरी ओळी पुसते, पूर्णविराम घालते. एका तासाच्या कीर्तनाला तिची एक संध्याकाळ जाते. तरी आजीला ती कधी बोलून दाखवत नाही.

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले, त्यावर अक्षरे घालायची सोय २००८ मध्ये आली, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये यंत्राने आपोआप अक्षरे उमटवण्याची सोय जाहीर झाली. त्या कामामागचा एक प्रमुख अभियंता केन हारेन्स्टीन स्वतः बहिरा. ज्याला गरज त्यानेच वाट काढली. प्रेक्षकांनी आपण होऊन दुसऱ्याच्या चित्रफितीला अक्षरे पुरवायची एक व्यवस्थाही होती, ती सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाली. आपल्याकडे अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींना १९९६ साली परभाषेतला सिनेमा पाहताना सुचले, की पडद्यावर त्याच भाषेतली अक्षरे दिली तर लोक नकळत वाचायला शिकतील. पुढे दूरदर्शनवरच्या गाण्यांखाली गाण्याचीच अक्षरे दिसू लागली ती त्या खटपटीतून. अलीकडे, आयआयटीच्या अध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्याने इंग्रजीत असली तरी त्यांतल्या कितीतरींचा मराठी मजकूर उतरवून घेता येतो. दारुल-तर्जुमाने शंभर वर्षांपूर्वी उर्दूसाठी जे केले, त्याचा थोडा अंश मराठीच्या वाट्याला आता येतो आहे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'भाषिणी' हा भारतीय भाषांसाठीचा उपक्रमही सुरू केला. यातून काणकोणला कोणी काणकोण म्हणू लागले तर आनंदच आहे. पण त्यासाठी काणकोणकरांनी बोलले पाहिजे आणि कोणीतरी बसून ते नीट लिहिले पाहिजे. यंत्र शिकते ते माणसांनी लिहिलेल्यावरच.

कोणी विचारील, दुसऱ्याचे बोलणे असे उतरवून घेणे योग्य का? प्रश्न बरोबर आहे. आपल्या कायद्याप्रमाणे जाहीर भाषणावर पहिला हक्क भाषण करणाऱ्याचा. ते आपल्या नावावर खपवणे किंवा छापून विकणे ही चोरीच. पण ज्याला अपंगत्वामुळे मूळ वस्तूचा उपयोग करता येत नाही, त्याला वापरता येईल अशा रूपात ती करून देण्याला २०१२ च्या दुरुस्तीने मोकळीक दिली आहे. ताईच्या कागदांना तेवढा आधार पुरे. तरीही नात प्रत्येक कागदावर कीर्तनकाराचे नाव, गाव आणि तारीख घालते. सच्चिदानंदबाबांनी तरी दुसरे काय केले?

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळे लिहिले.

आमचे वडील शाळामास्तर होते. त्यांना आम्ही भाऊ म्हणत असू. चवथीच्या दिवसांत घरच्या सोप्यावर ते पुराण सांगत आणि वाड्यावरची माणसे ऐकायला जमत. १९८३ च्या चवथीला कोणीतरी एका कॅसेटवर त्यांचे बोलणे घेतले होते. त्यानंतर दोन वर्षांनी भाऊ गेले. मध्यंतरी आमच्या चुलतभावाने ती कॅसेट संगणकावर चढवून नातेवाइकांना पाठवली. ताईने ती आठ वर्षांपूर्वी शेवटची ऐकली होती. मी असताना तिने नातीला विचारले, "त्याचेही कागद करता येतील का गो?"

नातीने यंत्राला ऐकवले. आलेला मजकूर वाचून आम्ही दोघेही गप्प झालो. भाऊंची मराठी म्हणजे देवळातली मराठी, अधूनमधून कोकणी, मागे पावसाचा आवाज आणि पोरांचा गलका. यंत्राने त्याची रद्दी केली होती. शेवटी आम्ही दोघांनी चार संध्याकाळी बसून ते हातानेच उतरवले. मी ऐकून सांगायचो, ती लिहायची. पन्नास मिनिटांच्या फितीला चार संध्याकाळी! साने गुरुजी बोलण्याच्या वेगाने कसे लिहीत असतील ते तेच जाणोत.

मधे एके ठिकाणी फीत खराब होती. जवळजवळ मिनिटभर काहीच कळत नव्हते. तिथे भाऊ कोणता दृष्टान्त देत होते ते मी आठवणीने सांगितले. ताईला कागद दाखवला तर ती म्हणाली, तो दृष्टान्त तसा नव्हता, आणि तिने वेगळाच सांगितला. आमचा चांगला वाद झाला. ती मला पूर्वीसारखी दटावू लागली. आणि मला 'लीळाचरित्रा'ची आठवण झाली. परचक्राच्या धामधुमीत त्याची मूळ पोथी गेली असे सांगतात. मग ज्यांना जसे पाठ होते तसे त्यांनी पुन्हा लिहिले, आणि त्याचे वेगवेगळे पाठ झाले. पुढे अनेक प्रती ताडून एक शुद्ध पाठ करण्याचे काम नाथांनी 'ज्ञानेश्वरी'च्या बाबतीत पैठणला शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली केले, आणि त्यात कोणी पदरचे घालू नये अशी ताकीदही दिली. आमच्यात नाथ कोणी नव्हते. नातीनेच तोड काढली. दोन्ही दृष्टान्त लिहिले. एकापुढे 'आजीचा पाठ', दुसऱ्यापुढे 'मामाआजोबांचा पाठ'.

फितीच्या अगदी शेवटी, पुराण संपल्यावर, भाऊ माइकपासून दूर जाऊन कोणाला तरी काही बोलतात. यंत्राने ते टिपलेच नव्हते. त्याला ती खरखर वाटली असेल. मीही आधी सोडून दिले होते. नातीने पुन्हा पुन्हा लावले आणि हेडफोन माझ्या कानाला दिला. तेव्हा कळले. भाऊ म्हणत होते, "बाये, दिवो लायलो गो?"

ती बाय म्हणजे ताई. त्या वर्षी ती चवथीला माहेरी आली होती. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावायचे काम तिचे होते.

नातीने ती ओळ सगळ्यात शेवटी, एकटीच, मोठ्या अक्षरांत छापली. ताईने कागद हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला. लाल पेन्सिल उचलली नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे पाहून म्हणाली, "हांव आयकलें रे." मग उठली आणि देवापुढे गेली. दिवेलागणीची वेळ झालीच होती.

मित्रहो, आपापल्या घरी अशा कॅसेटी असतील. आजीच्या ओव्या असतील, कोणा काकाचे भजन, कोणा मास्तरांचे भाषण. फिती झिजतात, आणि ऐकणारे कानही झिजतात. यंत्राला देऊन पाहा, त्याचा उपयोग होतोच, पण त्याच्यावर सोपवून उठून जाऊ नका. शेजारी लाल पेन्सिल घेऊन एखादे म्हातारे माणूस बसवा. आणि वरती सांगणाऱ्याचे नाव लिहाल तेव्हा खाली लिहून घेणाऱ्याचेही लिहा.